घासलेली पिन

सेक्टर २२, चंदीगड
१४ सप्टेंबर २०२४

संपदा,

पाकिटावर मुद्दाम दुकानाचा शिक्का मारलाय आणि पत्ता दुसऱ्याकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते फोडलंच नसतंस. आता फोडलंच आहेस तर वाच, मग फाडून टाक.

तुझ्या आईच्या तेराव्याला आपण एका मांडवात होतो, त्याला पाच वर्षं झाली. मी शेजारी येऊन तुला हाक मारली, तू मान वळवली नाहीस. असो. तुझा राग जायचा तेव्हा जाईल.

मी अजून इथेच आहे. चंडीमंदिरच्या छावणीतून सुभेदार म्हणून रिटायर झालो, कोरेगावला परत जाऊन कुणाचं तोंड बघायचं, म्हणून इथेच राहिलो. गिल नावाच्या सरदारजींचं बंदुकांचं दुकान आहे, तिथे आर्मरर आहे, म्हणजे बंदुका दुरुस्त करतो. फौजेत तीस वर्षं जे केलं तेच, फक्त आता गिऱ्हाइकाला 'जी' म्हणावं लागतं.

परवा पंचकुल्याहून रणधीर नावाचा माणूस एक रायफल घेऊन आला. जमिनींचे सौदे करतो, पन्नाशीचा, अंगाने दणकट. रायफल त्याच्या आजोबांची. गंजलेली, लाकडावर काळ्या व्हार्निशचे थर, खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या मानेला तडा. "दशहरे से पहले चमका दो," म्हणाला. "शस्त्रपूजन में रखनी है."

त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती. वीस-बावीस वर्षांची असेल. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता. बाप बोलत होता तोवर ती स्टुलाच्या कडेवर बसली होती, मांडीवर हात घट्ट धरून. बापाने लायसन्सच्या फोटोकॉपीसाठी बोट वाकडं केलं, तशी ती दचकून उठली, आणि बाही वर सरकली. मनगटावर चार बोटांचे वळ होते, जांभळे.

मी बघितलं आणि रायफलीकडे वळलो.

तुला पत्र लिहावंसं का वाटलं, ते आज सांगत नाही.

विश्वनाथ


२७ सप्टेंबर २०२४

संपदा,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितोय.

रायफल सगळी खोलली. रणधीर सांगत होता की ही विलायती आहे, कुणा इंग्रज साहेबाने शिकारीवर खूश होऊन आजोबांना बक्षीस दिली. वरून बघितलं तर कुणालाही खरं वाटावं. पुढचं लाकूड अर्ध्यावर कापून गोल केलेलं, नळी छोटी, दस्त्यावर जाळीची नक्षी. पण काडतूस चढवायचा बोल्ट मागे ओढला आणि माझ्या हाताला कळलं. हा बोल्ट मी हजारो वेळा मागे ओढलाय.

रॉकेल आणि तांब्याच्या जाळीने दोन दिवस घासलं. दस्ता जिथे लोखंडात शिरतो, तिथे उजव्या अंगाला गंजाखालून आधी मुकुट आला, मग ईशापूर, मग १९४३. आपलीच फौजी थ्री नॉट थ्री. लढाईनंतर फौजेने विकून टाकली, तसा छापही आहे, टोकाला टोक लावलेले दोन बाण. मग कुणा मिस्त्रीने लाकूड छाटलं, सैन्याची नळी काढून तीनशे पंधरा बोअरची घातली. थ्री नॉट थ्री साध्या माणसाला ठेवता येत नाही, म्हणून तेव्हा अशा पुष्कळ करून घेत.

रणधीर काम बघायला आला तेव्हा मी त्याला छाप दाखवला. वाटलं होतं, माणूस खूश होईल. खऱ्या लढाईतली वस्तू आहे.

"मतलब मेरे दादा झूठ बोलते थे?" तो म्हणाला.

"ऐसा नहीं जी, बेचने वाले ने उनसे कहा होगा..."

"दो टके का मिस्त्री मुझे बताएगा मेरे खानदान में क्या है?" त्याने टेबलावरचा हातोडा उचलला होता. मारायला नाही, नुसता उचलला. पण त्याची बोटं पांढरी झाली होती. गिलसाहेब मध्ये आले, चहा मागवला, तो हसला, हातोडा ठेवला. जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेला.

आणखी एक. दस्त्याचा तडा. तो म्हणतो, जीपमधून पडली. पडल्यावर लाकूड टोकाला फुटतं, टवका उडतो. हा तडा मानेतून तिरका गेला होता. रायफल नळीकडून धरून कशावर तरी पूर्ण ताकदीने मारली, की असाच जातो. मी फौजेत असे दोन बघितलेत. दोन्ही वेळा कोर्ट मार्शल झालं होतं.

तरी मी तडा भरला. आतून पितळेची सळई, वरून सरस, मग जवसाच्या तेलाचे सात हात. आता शोधून सापडणार नाही. दस्ता नव्याहून मजबूत झालाय.

तुझ्या बाबतीत त्या दिवशी माझा हात उठला, हे मी कधी नाकारलं नाही. दोन थोबाडीत दिल्या. बापाने द्याव्यात की नाही, यावर लोकांची मतं वेगवेगळी असतील.

विश्वनाथ


८ ऑक्टोबर २०२४

संपदा,

ती मुलगी आज एकटी आली. नयना तिचं नाव. दुपारी गिलसाहेब जेवायला गेले होते.

"अंकल, आप मराठी हैं ना? गंधार ने बताया."

गंधार म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत फिजिक्समध्ये पीएच.डी. करणारा पोरगा, एअर फोर्समधल्या एका विंग कमांडरांचा. गणपतीत आरतीला भेटला होता. आमच्याच सेक्टरात, गिलसाहेबांच्या दुकानापासून चार घरांवर, मिठाईच्या दुकानावर खोली घेऊन राहतो. नयना आणि तो लग्न करणार आहेत. कोर्टात नोटीस दिलीय, सोळा तारखेला सह्या. आणि नोटीस लागल्याची बातमी तिच्या बापाला कुणीतरी पोचवलीय, तो दोघांना मारून टाकीन म्हणतोय.

"वो राइफल ठीक मत कीजिए," ती म्हणाली.

मी म्हटलं, दसऱ्याच्या पूजेला ठेवणार आहेत.

"हमारे घर में आज तक शस्त्रपूजन नहीं हुआ." मग ती दस्त्याकडे बघत राहिली. माझ्या टेबलावरच होता, तेल पिऊन चमकत होता. "ये मम्मी की पीठ पे टूटा था. मैं सात साल की थी. मम्मी आज भी सीधी नहीं लेटतीं."

संपदा, मी त्या पोरीला काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "बाप है, बेटा. गुस्से में आदमी बहुत कुछ बोलता है. बाद में ठंडा हो जाता है."

ती माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "आपकी बेटी है?"

मी म्हणालो, "नहीं."

ती गेली. मी शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिलो.

विश्वनाथ


११ ऑक्टोबर २०२४, खंडेनवमी

संपदा,

मी गिलसाहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, रायफल अडकवून ठेवू, पार्ट मिळत नाही म्हणून सांगू. ते वाईट माणूस नाहीत. पण म्हणाले, "विश्वनाथजी, लायसन्स पक्का है. मैं किस हक से रोकूँ? आप कारीगर हो, जज नहीं."

मग मी फायरिंग पिन काढली. बोल्टच्या आतली ती सळई, जिचं टोक काडतुसाच्या टोपीवर आपटतं तेव्हा गोळी सुटते. मी ते टोक घासलं. केसाएवढं. बघून कळणार नाही, आवाज तोच येईल, टक. पण टोपी फुटणार नाही. तीस वर्षं मी जवानांच्या रायफली चालत्या ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा एक मुद्दाम बंद पाडली.

दुपारी रणधीर आला. बोल्ट चार वेळा मागेपुढे केला, चाप ओढला, लाकडावरून हात फिरवला. "कमाल कर दिया," म्हणाला आणि मला मिठी मारली. गिलसाहेबांकडून दहा काडतुसं घेतली. पूजेला काडतुसं कशाला लागतात, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

दसऱ्याला हवेत झाडून बघितली तर चालणार नाही, मग शिव्या देत माझ्याकडेच येईल, मी दुरुस्तीला आठवडा लावेन. तोवर सोळा तारीख उलटून जाईल. असा माझा हिशोब.

आता तुला खरं लिहितो. दोन थोबाडीत नव्हत्या. तू अपूर्वशी लग्न करायचं म्हणालीस, मी बेल्ट काढला. बकलाकडची बाजू मारायला मोकळी सोडली, तेवढं मला समजत होतं. किती वेळा, ते मोजलं नाही. तू कोनाड्याशी खाली बसलीस तरी थांबलो नाही. मग तुला केसांनी उठवून डाव्या कानावर मारलं. तुझ्या कानातून रक्त आलं. तुझी आई बास, बास म्हणून ओरडत होती, तिलाही ढकललं.

तेराव्याला तू मान वळवली नाहीस, तेव्हा मला तो माज वाटला. नंतर तुझ्या मावशीने सांगितलं की त्या कानाने तुला ऐकूच येत नाही. ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

विश्वनाथ


२४ ऑक्टोबर २०२४

संपदा,

माझ्या तीन बरगड्या मोडल्यात, म्हणून अक्षर असं.

त्यांचं लग्न सोळाला झालं. अठरा तारखेला, शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमारास मिठाईच्या दुकानाच्या बाजूने किंकाळी आली. मी हातातलं टाकून धावलो. कुणाची किंकाळी, हे मला विचारावं लागलं नाही.

आधीचं नयनाने नंतर सांगितलं. दार वाजलं. गंधारने उघडलं. रणधीर एक शब्द बोलला नाही. नळी त्याच्या छातीला टेकवली आणि चाप ओढला. टक. बोल्ट ओढून दुसरं काडतूस चढवलं. टक. तिसरं. गंधार तोवर नुसता उभा होता, ती म्हणते, त्याला कळतच नव्हतं की त्याला तीनदा मारलंय. मग रणधीरने रायफल उलटी केली, नळीकडून धरली आणि दस्ता फिरवला.

पहिला घाव जबड्यावर. तो पडत असताना दुसरा डोळ्यावर. नयनाने मध्ये हात घातला, तर तो दाराच्या चौकटीत आणि दस्त्यात सापडला.

मी जिन्याच्या वळणावर पोचलो तेव्हा वरून रक्त पायरीवर ठिबकत होतं आणि गंधार दारात आडवा होता. चेहरा ओळखू येत नव्हता. रणधीर चौथा की पाचवा घाव घालायला रायफल डोक्यावर घेत होता. मी मागून नळी धरली. त्याने झटका देऊन माझ्या बरगड्यांत हाणली, मला आतून काहीतरी मोडल्याचं ऐकू आलं. पण नळी सोडली नाही. आम्ही दोघं चार पायऱ्या घरंगळलो, आणि रायफल माझ्या हातात आली.

मी त्याच्या खांद्यावर मारलं. तेवढं लागणारच होतं. तो बसला, मग आडवा झाला, हात वर करून. तिथे संपलं होतं. मी नंतर आणखी मारलं. त्याच्या बरगड्यांवर, मांडीवर, तोंडावर. माझ्या अंगात कुठेच दुखत नव्हतं. फार हलकं वाटत होतं, संपदा. खोटं बोलत नाही. वरून ती पोरगी मोडलेला हात छातीशी धरून ओरडत होती, "अंकल, बस! बस कीजिए!" मला ऐकू येत होतं. ऐकू येऊनही मी मारत होतो. गिलसाहेबांनी आणि मिठाईवाल्याने मागून ओढलं, तेव्हा थांबलो.

दस्ता कुठेच चिरला नाही. मी केलेली दुरुस्ती इतकी पक्की होती.

विश्वनाथ


६ नोव्हेंबर २०२४

संपदा,

गंधार वाचलाय. जबडा दोन जागी तारेने बांधलाय, नळीतून पातळ खाणं जातं. डावा डोळा गेला. नयनाच्या उजव्या हाताची दोन ऑपरेशनं झाली, तिसरं व्हायचंय. रणधीरही हॉस्पिटलमध्येच आहे, दाराशी पोलीस बसवून. त्याचे चार दात आणि एक हाड माझ्या नावावर आहे.

काल वॉर्डाच्या बाहेर गंधारची आई भेटली. शुभदाताई. पुण्याच्या. मला वाटलं, त्या आभार मानतील. लोक मानतायत. मिठाईवाला तर मला फुकट जिलेबी देतो.

त्या म्हणाल्या, "रायफल तुम्हीच दुरुस्त केलीत ना?"

"हो. पण पिन मी..."

"ते कळलं मला. म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. दहा दिवस माहीत होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "मग पिन कसली घासत बसलात? पोलिसांकडे का गेला नाहीत? गंधारच्या खोलीवर का गेला नाहीत? त्याला सावध करायला एक फोन पुरला असता."

त्या थांबल्या होत्या, मला वेळ देत होत्या. शेवटी आत गेल्या.

उत्तर मला माहीत आहे, पण त्या माउलीला कसं सांगणार? पोलिसांकडे जायचं म्हणजे लिहून द्यावं लागलं असतं, की एक बाप आपल्या मुलीला मारून टाकू शकतो. ते माझ्या हाताने लिहवलं नाही. रायफल बंद पाडणं सोपं होतं. त्यात कुणाला काही सांगावं लागत नाही.

विश्वनाथ


२० नोव्हेंबर २०२५

संपदा,

वर्षभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडत नव्हतं. माझं काम गेलं. पिन घासल्याचं मी पोलिसांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यावरून गिलसाहेबांच्या दुकानाला नोटीस आली, आणि त्यांनी हात जोडून मला जायला सांगितलं. त्यांची चूक नाही. आता इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. माझ्यावरही केस आहे, दोन. एक पिनेची, एक त्या जिन्यावरच्या मारहाणीची. दोन्ही खऱ्या आहेत.

काल रणधीरच्या खटल्यात साक्ष झाली. त्याच्या वकिलाचं म्हणणं असं, की बंदूक चालण्यासारखी नव्हतीच, नुसतं घाबरवायचं होतं, म्हणून खुनाचा प्रयत्न होत नाही. काडतुसं टेबलावर ठेवली होती. तिन्हींच्या टोपीवर सुईने टोचल्यासारखा ठिपका.

मी सांगितलं, बंदूक बंद होती हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

वकील हसला. "और आपको कैसे पता था कि वो मारने वाला है? एक लड़की ने आकर कह दिया? हर बाप गुस्सा होता है, सूबेदार साहब. आपने किस बिना पर मान लिया?"

मी जज्जसाहेबांकडे बघितलं. म्हटलं, "साहब, मैंने अपनी बेटी को बेल्ट के बकल से मारा है. उसका बायाँ कान मैंने फोड़ा. उसकी माँ बस, बस चिल्लाती रही, मैं रुका नहीं. इस आदमी के हाथ में हथौड़ा देखकर ही मैं समझ गया था."

वकील म्हणाला, याचा खटल्याशी संबंध नाही. जज्जसाहेब टायपिस्टला म्हणाले, "लिखिए."

मी जे म्हणालो ते तिथे टाइप झालं. खाली सही करताना मी ते पुन्हा वाचलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये नयना उभी होती. म्हणाली, "आपने तो कहा था बेटी नहीं है."

"झूठ बोला था."

तिने गंधारच्या डाव्या बाजूला जाऊन त्याचा हात धरला, त्याला त्या बाजूची पायरी दिसत नाही, आणि दोघं खाली उतरली.

विश्वनाथ


१५ डिसेंबर २०२५

संपदा,

अपूर्वचा मेसेज मिळाला. नंबर त्याला कुणी दिला ठाऊक नाही. त्याने लिहिलंय की पत्रं सगळी पोचली, तू सगळी वाचलीस, आणि यापुढे मी लिहू नये असं तुझं म्हणणं आहे. ते मी पाळेन. शेवटी त्याने लिहिलंय, "संपदा एवढंच विचारतेय, की त्या मुलीचा हात कसा आहे."

म्हणून हे एक पत्र, उत्तरापुरतं.

रणधीरला शुक्रवारी दहा वर्षांची शिक्षा झाली. तो वर अपील करणार आहे. माझ्या केसेस उभ्या राहायच्यात, दोन्हींत मी गुन्हा कबूल करणार आहे.

हाताचं मला नीट माहीत नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती. काल रविवार होता, मी त्यांच्या दारावर गेलो. त्याच जिन्यावरून. ती दोघं तिथेच राहतात, खोली सोडली नाही. नयनाने दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

मी म्हटलं, "हाथ कैसा है, ये पूछने आया हूँ."

"किसने पूछा?"

"मेरी बेटी ने."

तिने साखळी काढली आणि उजवा हात बाहेर उन्हात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत टाक्यांची रेघ आहे. तिने मूठ वळायला सुरुवात केली. अंगठा आणि दोन बोटं मिटली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मध्येच थांबलं, थरथरलं, तिने दात दाबून आणखी जोर लावला, ते नखभर आणखी वळलं.

"उनको बता देना," ती म्हणाली, "अभी इतना बंद होता है."

विश्वनाथ